प्रेमा टीचरची पंगत

प्रेमा टीचरना मुलं आवडत नसत. हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी, मी पायातल्या चपला काढायच्या आत, सांगून टाकलं.

"माका पोरां आवडनत नाय. आधीच सांगतंय, मागीर माका म्हणू नको," त्या म्हणाल्या. "बकरी बरी. घातला ता खाता आणि गप ऱ्हवता."

मी लग्न होऊन गोव्यातल्या पेडण्याहून डिचोलीकडे, सर्वणच्या बाजूला, या वाड्यावर आले होते. बी.ए. झालेली, घरात बसून कंटाळलेली. वाड्यावरच्या अंगणवाडीत मदतनिशीची जागा रिकामी झाली आणि ती मला मिळाली. मदतनीस म्हणजे स्वयंपाक, झाडलोट, मुलांना घरून आणणं आणि घरी पोचवणं. टीचर म्हणजे उरलेलं सगळं, आणि त्यातलं मुख्य म्हणजे मदतनिशीवर लक्ष ठेवणं. मुलं न आवडणारी बाई इतकी वर्षं अंगणवाडीत काय करते, हा प्रश्न माझ्या तोंडावर उमटला असणार.

"नोकरी," त्यांनी न विचारताच उत्तर दिलं आणि मूग निवडायला सूप माझ्यापुढे सरकवलं.

त्यांचं पूर्ण नाव प्रेमावती. नाव ठेवणाऱ्यांचा अंदाज साफ चुकला, असं वाड्यावर सगळेच म्हणत. त्याही म्हणत. उंच, किडकिडीत, कडक इस्त्रीची सुती साडी, चष्मा नेहमी कपाळावर आणि तो शोधायचं काम नेहमी माझं. लग्न केलं नव्हतं. भावाच्या घराला लागून असलेल्या दोन खोल्यांत एकट्या राहत आणि भावाशी वर्षातून चतुर्थीला तेवढं बोलत. बाकीचं वर्ष त्याच्याविषयी बोलत.

एखादं नवीन मूल आईमागे रडायला लागलं की मी त्याला उचलून घ्यायची, पाठीवरून हात फिरवायची. आतून टीचरचा आवाज येई, "मोग नाका गो सुगंधा, मूग दी!" आमच्याकडे मोग म्हणजे माया. त्या मुलाला खाली ठेवायला लावत, त्याच्यासमोर ताटली ठेवत आणि त्याच्याकडे पाठ करून बसत. रडणारं मूल कुणी बघत नाही म्हटल्यावर थोड्या वेळाने मुगात बोट घालून चाटायचं. यात बालमानसशास्त्र वगैरे असावं, अशी माझी बरेच दिवस समजूत होती. एकदा तसं मी बोलूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, "कसला शास्त्र? रडणाऱ्याचां तोंड बघूक माका किळस येता."

शुक्रवारी आयांची सभा असे. टीचर उभ्या राहून आहारावर बोलत: कडधान्य, पालेभाजी, अंडं, गूळ, लोह, जीवनसत्त्व. बोलताना वर्गातल्या भिंतीसारख्या ताठ. सभा संपली की आया घरी जात आणि टीचर पिशवीतून उंडा काढून काळ्या चहात बुडवून खात. उंडा म्हणजे आमच्याकडचा गोल, कडक कवचाचा पाव. सकाळी पदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून देऊन जाई. तोच त्यांचा नाश्ता, तेच दुपारचं जेवण, आणि माझी शंका अशी की रात्रीचंही तेच. मी एकदा माझ्या डब्यातली तांबडी भाजी पुढे केली.

"ती पोरांक," त्या म्हणाल्या. "माझी वाढ जाली कधीच."

त्यांचं ज्ञान दांडगं होतं असं मात्र समजू नका. वरून एकदा आहाराचा रंगीत तक्ता आला. त्यात सफरचंद, द्राक्षं आणि ब्रोकोली. ब्रोकोली त्यांनी जन्मात पाहिलेली नव्हती. तेव्हा मीही नव्हती. पण सरकारी तक्त्यावरचं चित्र, शिकवलं तर पाहिजेच. त्यांनी ते चित्र बराच वेळ चष्म्यातून आणि चष्म्यावरून पाहिलं आणि मुलांना सांगितलं, "ह्या झाड. झाडाखाली सावली असता. सावलयेत बसून जेवूचां." पुढे एक साहेब पाहणीला आले. त्यांनी तक्त्यावर छडी ठेवून विचारलं, "हे काय?" सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "झाड!" साहेबांनी टीचरकडे पाहिलं. टीचरनी साहेबांकडे अशा नजरेने पाहिलं, की साहेबांनी छडी सफरचंदावर नेली.

पण ज्या गोष्टीसाठी त्या वाड्यावर गाजल्या, ती पुड्यांची लढाई. डिचोलीत एक नवी नर्सरी निघाली होती, भिंतींवर चित्रं, दारात व्हॅन. वाड्यावरच्या बऱ्या घरांतली मुलं तिकडे जायला लागली. त्यांच्या हातात रंगीत पुड्या दिसायच्या. लगेच आमच्याकडची मुलंही सकाळी दुकानावरून कुरकुरीत पुड्या फोडत फोडत यायला लागली. दहा वाजता माझी चवळीची उसळ तयार व्हायची तेव्हा कुणालाच भूक नसायची. मुलांची तोंडं नारिंगी, आणि उसळ पातेल्यात तशीच.

शुक्रवारच्या सभेत टीचर मीठ, तेल, दात, पोट यावर बोलल्या. आयांनी माना डोलावल्या. शनिवारी पुड्या चालूच. टीचरनी आठवडाभर काही केलं नाही. मग एका सकाळी मुलांना सोडायला आलेल्या दोघी-तिघींच्या कानावर जाईल अशा बेताने त्या मला म्हणाल्या, "खालच्या वाड्यावरली पोरां बघलंस गो? आमच्या पोरांपेक्षा दोन बोटां उंच. लीला टीचरनी पुड्ये बंद केल्यानी ना, तेचां."

यातला एकही शब्द खरा नव्हता. लीला टीचर खालच्या वाड्यावरच्या अंगणवाडीत होत्या आणि प्रेमा टीचर त्यांचं नाव घेताना एरवी तोंड वाकडं करत. पण दोन वाड्यांमध्ये देवळाच्या पालखीवरून पिढ्यान्‌पिढ्यांचं भांडण. खालच्या वाड्याची पोरं उंच म्हटल्यावर आमच्या आया अशा खवळल्या, की आठवड्याभरात पुड्या दिसेनाशा झाल्या. गंमत म्हणजे ही बातमी खालच्या वाड्यावरही पोचली. आपली पोरं उंच आहेत हे तिथल्या आयांना आत्ताच कळलं होतं. ती उंची टिकवायला हवी म्हणून त्यांनीही पुड्या बंद केल्या. दुकानदार टीचरशी बरेच महिने बोलत नव्हता.

"टीचर, खोटं बोललात तुमी," मी म्हटलं.

"बोललंय," त्या म्हणाल्या. "खऱ्यान काय जाला ता तू बघलंस शुक्रवारी."

पुड्या गेल्या, पण नर्सरीची व्हॅन चालूच राहिली आणि आमची मुलं कमी होत गेली. मग वरून पत्र आलं, की पट असाच राहिला तर ही अंगणवाडी खालच्या वाड्यावरच्या अंगणवाडीत विलीन करावी लागेल. विलीन म्हणजे लीला टीचरच्या हाताखाली. प्रेमा टीचरनी पत्र वाचलं, घडी केली आणि छत्री घेऊन भर उन्हात निघाल्या. मी मागोमाग.

डिचोली रस्त्याला तेव्हा फ्लॅटची मोठी इमारत उभी राहत होती. तिच्या मागे कामगारांच्या पत्र्याच्या खोल्या. बेळगाव आणि कोल्हापूरकडची माणसं, नवरा-बायको दोघंही कामावर, आणि मुलं वाळूच्या ढिगावर. वाड्यावरचं कुणी तिकडे फिरकत नसे. टीचरही आजवर नाक मुरडूनच त्या बाजूने जात. "न्हायत नाय ती पोरां," असं मला म्हणत. त्या दिवशी त्यांनी वाळूच्या ढिगावरची पोरं बोटाने मोजली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी समाधान दिसलं.

दुसऱ्या दिवसापासून ती मुलं अंगणवाडीत यायला लागली. टीचर त्यांना मागच्या नळावर स्वतः आंघोळ घालत आणि घालताना त्यांच्या आईबापांचा, मुकादमाचा, पाण्याच्या खात्याचा आणि माझा उद्धार करत. मुलांना त्यातलं काही कळत नसे. त्यांना एवढंच कळे, की गार पाणी आहे, साबण आहे आणि एक उंच बाई मोठमोठ्याने काहीतरी म्हणते आहे. मुलं त्याला गाणं समजत आणि हसत.

विलीन व्हायचं टळलं आणि वाड्यावर पेटलं. शुक्रवारच्या सभेला वैशाली आली. ती सरपंचांची भावजय, गाडी चालवणारी आणि बोलायला तरबेज. तिचा मुलगा सोहम अजून आमच्याकडे येत होता. तो गेला असता तर त्याच्यामागे आणखी चारपाच गेले असते.

"टीचर, ती मुलं येऊ देत, आमचं काही म्हणणं नाही," वैशाली म्हणाली. "पण आमच्या मुलांची पंगत वेगळी पाहिजे. त्यांची भांडी वेगळी. कुणाला काय आजार असतात, आपल्याला काय माहीत?"

बाकीच्या आयांच्या माना वैशालीच्या बाजूने. मला वाटलं आता टीचर फुटणार. मी वाट बघत होते, की आज तरी त्या काहीतरी मोठं बोलतील.

"बरोबर असा तुझां," टीचर म्हणाल्या. "वेगळी पंगत करूया. फकत सुगंधा एकटी. ती एक पंगत वाढतली. दुसरे पंगतीक तुमी एकेक जणीन येऊन वाढूचां. भांडी वेगळी म्हणजे घासूची पण तुमीच. सकाळी साडेनवाक येवा. उद्या कोण येता?"

पहिल्या दिवशी वैशाली आली. साडेनवाला, ड्रेस आवरत. दुसऱ्या दिवशी दुसरी एक आली, भांडी विसळून ठेवून गेली, घासली नाहीत. तिसरीची सासू आजारी पडली. चौथीचा त्या दिवशी उपास होता, त्याचा आणि वाढण्याचा काय संबंध ते कळलं नाही. नंतर कुणीच आलं नाही. टीचरनी कुणाला बोलावणं पाठवलं नाही की टोमणा मारला नाही. एक सरळ लांब सतरंजी आणली आणि मुलांना "बसा" म्हणाल्या. मुलं जशी धावत आली तशी बसली. कोण कुणाशेजारी बसलं हे बघायला कुणी नव्हतंच.

त्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की या बाईंनी चांगलं काम चांगल्या कारणासाठी केलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

आणि मग रेणुका. तीन वर्षांची, पण अंगाने दीड वर्षाची वाटायची. पिंगट केस, पोट पुढे आलेलं, डोळे मोठे. वजनाच्या काट्याला टांगली की टीचर तिच्या तक्त्यावर टिंब काढत आणि ते टिंब लाल पट्ट्यात जाऊन बसे. ती खात नव्हती. मुळीच नाही. उसळ नको, शिरा नको, खिचडी नको. ताटली पुढे आली की तोंड फिरवी. मी लक्ष नाही असं दाखवलं, टीचरनी पाठ करून पाहिलं. आमची ती जुनी युक्ती तिच्यापुढे चालली नाही. पाठ केली की ती उठून बाहेर जाई आणि पायरीजवळची माती खाई.

टीचरनी हा स्वतःचा अपमान मानला. स्वयंपाक मी करत होते, पण अपमान त्यांचा.

"माझ्या अंगणवाडीत येऊन माती खाता?" त्या मला म्हणाल्या. "चल. तिच्या आवशीक विचारूया, घरात काय मोती घालता काय म्हणून."

त्या दिवशी काम अर्धाच दिवस होतं, आणि आम्ही गेलो तेव्हा रेणुकाची आई लक्ष्मी नुकतीच कामावरून आली होती. हातावर, केसांवर सिमेंट. ती खानापूरच्या बाजूची. टीचरनी उंबऱ्यातूनच सुरू केलं: मुलीकडे लक्ष नाही, वजन नाही, माती खाते, उद्या काही झालं तर वरचे लोक मला विचारणार. लक्ष्मीने सगळं ऐकून घेतलं. मग तिने पाट दिला.

"बसा की वो बाई. उन्हातनं आलाईसा. भाकरी खावा."

टीचर 'नको' म्हणतील असं मला वाटलं. पण सकाळच्या उंड्यावर दुपार झाली होती आणि तव्यावरची ज्वारीची भाकरी फुगत होती. त्या बसल्या. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वर कच्चं तेल. रेणुका आईच्या मांडीवर चढली आणि त्या भाकरीचा पापुद्रा ओढून तोंडात टाकला. मग दुसरा.



"खाता मगे ही," टीचर म्हणाल्या. त्यांना राग आला होता की आनंद झाला होता, ते ओळखता येईना.

"ह्ये खातीय वो थोडं थोडं. माझ्या संगट बसलं तर," लक्ष्मी म्हणाली. "तुमच्यातलं खोबऱ्याचं असतंय न्हवं? त्याचा वास येतोय म्हणून तोंड फिरवतीय. मला बी आधी जात न्हवतं. आणि मी सकाळी सातला कामावर जातोय, सांजच्याला येतोय. तवर कुणासंगट खाणार ती?"

मी प्रत्येक पदार्थात नारळ घालत होते. नारळ जास्त घातला की पदार्थ पौष्टिक होतो, असं टीचरनीच मला सांगितलं होतं. परत आल्यावर त्या अंगणवाडीच्या पायरीवर थांबून म्हणाल्या, "तुका भाकरी येता?"

"नाय."

"मगे शिक. सगळा मीच सांगूचां काय?"

मी शिकले. पहिल्या भाकऱ्या नकाशासारख्या झाल्या, पण रेणुकाने त्यातला एक देश खाल्ला. बेत असा ठरला, की रोज थोडी भाकरी, त्याबरोबर नारळ न घातलेलं वरण, आणि गावच्या मुलांनाही तेच, कारण दोन स्वयंपाक करायला मला चार हात नव्हते.

टिंब लाल पट्ट्यातून वर सरकायला लागलं होतं तेवढ्यात खोल्यांमध्ये जुलाबाची साथ आली. पाणी खराब होतं. एका सकाळी रेणुकाचा मोठा भाऊ तिला कडेवर घेऊन आला. ती त्याच्या खांद्यावर ओल्या फडक्यासारखी पडली होती. डोळे खोल गेलेले. मी हाक मारली, तिने बघितलं नाही. लक्ष्मी कामावर गेलेली, मुकादम फोन उचलत नव्हता, रुग्णवाहिकेला वेळ लागेल असं सांगितलं गेलं.

त्याच वेळी वैशालीची गाडी दारात थांबली. ती सोहमला सोडायला आली होती. टीचर रेणुकाला घेऊन बाहेर गेल्या, गाडीचं मागचं दार उघडलं आणि आत बसल्या.

"चल," त्या म्हणाल्या.

"टीचर, अहो, सीट..." वैशाली म्हणाली. रेणुकाचे कपडे खराब झाले होते.

"सीट धुवन देतंय. गाडी चालव."

सोहमसकट आलेली मुलं शेजारणीच्या हवाली करून मी पुढच्या सीटवर बसले, आणि ती मुलगी शेवटी वाचली त्यात वैशालीच्या गाडी चालवण्याचाही वाटा आहे हे मी कबूल करते. डिचोलीच्या वळणांवर तशी गाडी चालवलेली मी परत पाहिली नाही. दवाखान्यात सलाइन लागलं. डॉक्टर तरुण होते, घाबरलेले होते म्हणून चिडलेले. "आई कुठे आहे?" ते ओरडले. "मूल असं होईपर्यंत आई काय करत होती?"

"ती रोजावर असा," टीचर म्हणाल्या. "तिका कित्याक बोलतात? माका सांगा काय करूचां ता. मी बसलंय हय."

डॉक्टरनी सांगितलं: उकळलेलं पाणी, साखर-मिठाचं पाणी, मग थोडं थोडं खाणं, दिवसातून पुष्कळ वेळा. टीचरनी ते दोनदा म्हणून दाखवलं. दुपारी लक्ष्मी धावत आली तेव्हा रेणुकाने डोळे उघडले होते आणि टीचर तिच्याकडे पाठ करून बसल्या होत्या. त्यांचा चष्मा कपाळावर नव्हता, हातात होता, आणि त्या तो पदराने पुसत होत्या. बराच वेळ पुसत होत्या.

त्या संध्याकाळपासून वैशालीने वाड्यावर सांगायला सुरुवात केली, की तिने त्या मुलीचा जीव वाचवला. आठवड्याभरात त्या गोष्टीतून टीचर गळल्या, मी तर आधीच गळले होते. मला संताप आला. मी टीचरना म्हटलं, "तुमी काय तरी बोला."

त्या बोलल्या. शुक्रवारच्या सभेत, सगळ्या आयांसमोर. "वैशाली नसती तर त्या चेडवाचां काय खरां नव्हता. पोरांनो, टाळ्ये वाजवा." मुलांनी टाळ्या वाजवल्या. वैशाली लाजली. नंतर मी भांडी आवरताना टीचर माझ्याजवळ येऊन पुटपुटल्या, "आता सोहमाक खंय हलवता ती, बघूया." आणि खरंच, वैशालीने सोहमला नर्सरीत घातलं नाही. जिथे आपला सत्कार झाला तिथून कोण मुलगा काढतं? उलट ती महिन्यातून एकदा रेणुकासाठी केळी घेऊन यायला लागली. एवढी केळी एकट्या रेणुकाला कशी संपणार, म्हणून टीचर ती सगळ्या पंगतीला वाटत.

रेणुका परत आली ती टीचरच्या टेबलाशेजारी. डॉक्टरनी 'पुष्कळ वेळा' म्हटलं होतं, म्हणून पुष्कळ वेळा. नाचण्याचं सत्त्व, आमच्याकडे त्याला तिजान म्हणतात, वाटीत घेऊन टीचर तक्ते भरत आणि अधूनमधून एक कुलेर, म्हणजे चमचा, न बघताच बाजूला धरत. चमचा रिकामा होऊन परत येई. "हिच्यापायी माझी चाय थंड जाता," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. पुढे पुढे रेणुका माझी नारळ घातलेली भाजीही खायला लागली आणि त्यांच्या उंड्याचा तुकडा स्वतःच मोडून घ्यायला लागली. एकटीने खायचं नसतं, एवढं तिला कळलं होतं. टीचरना उंडा पुरत नसे, म्हणून मग त्या वाटीतलं उरलेलं तिजान कुरकुरत स्वतः खात. त्यांच्या अंगावर त्या वर्षी थोडं मांस आलं.

इमारत पूर्ण झाली. दिवाळीच्या सुट्टीनंतर अंगणवाडी उघडली तेव्हा पत्र्याच्या खोल्या नव्हत्या. जमीन सपाट केली होती, तिथे बाग होणार होती. माणसं पुढच्या कामावर गेली होती, कुठे ते कुणालाच माहीत नव्हतं. टीचर सकाळभर अंगणवाडीत सगळ्यांवर तोंडसुख घेत होत्या. "सांगून जाऊक काय जाता? पट पडलो माझो. आता वर काय सांगू?" दहा वाजता मी पंगत घातली. भाकऱ्या रोजच्या मापाने केल्या होत्या, सवयीने. त्या उरल्या नाहीत. गावची मुलं आता भाकरीच मागत होती, आणि पुढच्या शुक्रवारी वैशाली मला बाजूला घेऊन हळूच विचारत होती, की ज्वारीचं पीठ कोमट पाण्यात मळायचं की कढत.

पट पडला, पण विलीन करायचं मात्र वरचे लोक विसरले. काही महिन्यांनी लक्ष्मीचा मला फोन आला, कोल्हापूरच्या पलीकडून कुठूनतरी. रेणुका बरी होती, शाळेच्या अंगणवाडीत जात होती.

"पर एक तरास झालाय बघा," लक्ष्मी म्हणाली. "आता नारळ घातल्याबिगर भाजी खाईत न्हाई. आमच्यात रोज नारळ कुठला आणायचा वो?"

मी हे टीचरना सांगितलं. त्यांनी ऐकलं, चष्मा कपाळावर ढकलला. "बिघडली," त्या म्हणाल्या आणि उरलेला दिवसभर कुणावर ओरडल्या नाहीत.

त्यांच्या निवृत्तीचा समारंभ देवळाच्या मंडपात झाला. साहेब आले, शाल आली, श्रीफळ आलं. साहेबांनी भाषणात त्यांच्या मातृहृदयाचा तीनदा उल्लेख केला. मायेचा सागर म्हणाले. टीचर उत्तराला उभ्या राहिल्या.

"साहेबांनी दुसऱ्याच कोणाचां तरी भाषण वाचल्यानी," त्या म्हणाल्या. "पण बरां वाचल्यानी." आणि खाली बसल्या.

मग त्यांची जागा मला मिळाली आणि त्या वास्कोला पुतण्याकडे राहायला निघाल्या. पुतण्या बंदरात नोकरीला होता. गुडघे धरले होते, एकटं राहणं जमत नव्हतं. त्यांना पोचवायला मी डिचोलीच्या बसस्टँडवर गेले. पिशव्या मी धरल्या होत्या, आणि कशा धरायच्या याच्या सूचना चालू होत्या.

बस आली ती भरलेलीच. टीचर आत शिरल्या. पुढच्या सीटवर एक धडधाकट गृहस्थ मोबाइल बघत बसला होता. काचेतून मला फक्त टीचरचं हलणारं बोट दिसत होतं. थोड्या वेळाने गृहस्थ उठला. टीचर खिडकीशी बसल्या, पिशव्या आत घेतल्या, पदर सारखा केला. आता निरोपाचं काहीतरी बोलतील म्हणून मी खिडकीखाली जाऊन उभी राहिले.

तेवढ्यात एक बाई मुलाला घेऊन चढली. मूल चार-पाच वर्षांचं, पिवळं पडलेलं, प्रवासाने की आजाराने कोण जाणे. टीचरनी त्याच्याकडे पाहिलं, तोंड वाकडं केलं, उठल्या आणि त्याला खिडकीशी बसवलं.

"अहो आजी, राहू दे, तुम्ही बसा," त्याची आई म्हणाली.

"हय उभा ऱ्हवलो तर माझ्या साडयेर ओकतलो," टीचर म्हणाल्या. "भायर बघ रे, माझ्याकडे बघू नको."

कंडक्टरने घंटी मारली. मी हात वर केला. टीचर वरचा दांडा धरून, दुखऱ्या गुडघ्यांवर, भिंतीसारख्या ताठ उभ्या होत्या आणि दुसरीकडे बघत होत्या. त्यांचा दुसरा हात, खिडकीतून गार वारा लागू नये म्हणून, त्या मुलाच्या कानावर होता.